ज्योत पिवळी का होते?

मैत्रिणींनो, मीठ घालून बटाटे उकडताना पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. मीही पाहिलं होतं. गॅस बारीक करायचा, ओटा पुसायचा आणि पुढच्या कामाला लागायचं!

एकदा लेकीनं विचारलं, "आई, ज्योत पिवळी का गं होते?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "बाबांना विचार. मी आपली बी. ए. मराठीवाली. मला काय कळतंय त्यातलं?"

आम्ही राहतो नाशिकजवळ एकलहऱ्याला, औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत. 'हे' तिथे पाळीवर असतात. त्यामुळे विज्ञान यांच्याकडे आणि स्वयंपाकघर माझ्याकडे, अशी वाटणी लग्नापासूनच ठरलेली.

यंदा लेक दहावी झाली. गुण चांगले पडले. अकरावीचा अर्ज भरायला बसलो तर ही म्हणते, "मी आर्ट्स घेते. सायन्स मला झेपायचं नाही. माझं डोकं तुझ्यावर गेलंय."

आर्ट्सला माझी ना नाही, मी स्वतः त्यातलीच. पण ते कारण ऐकून काळजात चर्र झालं. ते शब्द माझेच होते. इतकी वर्षं मीच तिला ऐकवले होते.

रात्री यांना विचारलं. "मिठात सोडियम असतं," म्हणाले. "पण सोडियम पिवळंच का?" तर म्हणे, "असतं तसं. झोप आता." म्हणजे यांनाही पुढचं सांगता येईना! मला इतका धीर आला म्हणून सांगू!

मग वाचनालयातून दोन पुस्तकं आणली आणि आठवडाभर दुपारची झोप सोडली. समजलं ते सांगते.

लोखंड तापवलं की आधी लाल, मग पिवळसर, मग पांढरं दिसतं. याचं गणित शास्त्रज्ञांना जुळत नव्हतं. बर्लिनच्या प्रयोगशाळेत त्याची मोजमापं चालली होती, आणि त्यामागे चांगले दिवे बनवण्याचा व्यवहारी हेतूही होता. १९०० सालच्या डिसेंबरात माक्स प्लांक यांनी कोडं सोडवलं. ऊर्जा सलग धारेनं दिली-घेतली जात नाही, तर वाण्याच्या पुड्यांसारखी ठरावीक मापानं. अर्धी पुडी मिळणार नाही! ही पुडी म्हणजेच 'क्वांटम', मराठीत 'पुंज'. १९०५ साली आइन्स्टाईन म्हणाले, प्रकाश स्वतःच अशा पुड्यांचा असतो.

मग १९१३ साली नील्स बोर यांनी अणूच्या आतला जिना दाखवला. तुम्ही पहिल्या पायरीवर उभ्या राहाल, नाहीतर दुसऱ्या. दीडाव्या पायरीवर कोणी उभं राहत नाही. अणूतल्या इलेक्ट्रॉनचंही तसंच. उष्णता मिळाली की तो वरच्या पायरीवर चढतो आणि खाली उतरताना दोन पायऱ्यांमधला फरक प्रकाशाच्या एका पुडीच्या रूपानं टाकतो. पायरी केवढी, त्यावर रंग ठरतो. सोडियमच्या त्या पायरीचा रंग पिवळा. मग मीठ एकलहऱ्यातलं असो की लंडनमधलं! रस्त्यांवर पूर्वी पिवळे दिवे असायचे ना, त्यांतही सोडियमच होतं.

पुढे हे शास्त्र आणखी चमत्कारिक होत गेलं. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे, हे मोजण्याआधी सांगता येत नाही. कुठे सापडण्याचा संभव किती, एवढंच सांगता येतं. हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

मग आपल्याला रोज हे दिसत का नाही? रांगोळीची रेघ उभ्यानं पाहिली तर सलग दिसते, वाकून पाहिली की कण दिसतात. या पुड्या तर इतक्या बारीक की व्यवहारात सगळं सलगच भासतं.

आता ओट्यावरच्या एलईडी दिव्याकडे बघा. जुन्या बल्बमध्ये तार तापवून उजेड काढायचा. बरीचशी वीज उष्णतेतच जायची. एलईडीत तार तापवावी लागत नाही, इलेक्ट्रॉन पायरी उतरतात आणि उजेड पडतो. म्हणून साठ वॅटच्या बल्बचं काम नऊ-दहा वॅटवर भागतं. निळा एलईडी बनवणं फार अवघड गेलं. ते साधणाऱ्या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. समोर चिमणीखाली कोळसा जाळून वीज होते, ती घरात जपून वापरण्याची सोय त्या पायऱ्यांनी केली!

लेकीला मी हे सगळं भाजी निवडताना सांगितलं. पुण्याच्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) कणभौतिकीत जगभर नावाजल्या, भारतीय वैज्ञानिक स्त्रियांवरचं पुस्तकही त्यांनी संपादित केलं, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. फक्त अर्ज बाजूला ठेवून म्हणाली, "दोन दिवस विचार करते."

ती काय घ्यायचं ते घेवो. आवडीनं घेवो, माझ्या भीतीपायी नको.

परवा पुन्हा पाणी उतू गेलं. (मुद्दाम मीठ टाकू नका हं, बर्नर खराब होतो!) लेक आतून धावत आली. "आई, इलेक्ट्रॉन उतरले बघ!" मी फडकं हातात घेतलं होतं, पण आधी आम्ही दोघींनी ज्योत बघितली, ओटा नंतर पुसला.