सिमेंट आणि माती

मागच्या दिवाळीत आम्ही माळ्यावरून एक खोके खाली काढले. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला होता, सहा वर्षांपूर्वी बाजारातून आणलेला. एका बुरुजाचा कोपरा उडाला होता, बाकी सारे जसेच्या तसे. धूळ झटकून तो बाल्कनीत ठेवला, महाराज सिंहासनावर बसवले, चार मावळे उभे केले. दहा मिनिटांत काम आटोपले. मुलगी दारात येऊन पाहून गेली. तिची काही तक्रार नव्हती, आणि तेच आम्हाला लागले.

आम्ही दोघेही नाशकात मराठी शिकवतो. लोकसाहित्याचा पेपर आमच्याकडे अनेक वर्षे आहे. सामूहिकता, अनामिकता, परंपरेने आलेला घाट ही लोककलेची लक्षणे फळ्यावर लिहून झाली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले होते, "मॅडम, दिवाळीतला किल्ला ही लोककला असेल, तर एकही जुना किल्ला कुणी जपलेला कसा नाही?" त्या दिवशी वेळ मारून नेणारे उत्तर दिले गेले. खरे उत्तर शोधताना आम्ही जाऊन पोहोचलो ते एका इटालियन गवंड्यापाशी.

सायमन रोडिया १८७९ साली दक्षिण इटलीतल्या कांपानिया प्रांतातील रिबोत्तोली या खेड्यात जन्मला. कोवळ्या वयातच अमेरिकेत गेला आणि मिळेल ती मजुरी करत राहिला. १९२१ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत त्याने जमिनीचा एक तिकोनी तुकडा घेतला आणि पुढची ३३ वर्षे, दिवसाचे काम संपल्यावर, एकट्याने तेथे मनोरे उभारले. वेल्डिंग नाही, परांची नाही. कमरेला खिडक्या पुसणाऱ्यांचा पट्टा बांधून तो वर चढे. लोखंडी सळ्या, त्यांवर जाळी, जाळीवर सिमेंट, आणि त्या ओल्या सिमेंटात फुटक्या फरश्या, बाटल्यांच्या काचा, शिंपले. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा आहे. एवढे झाल्यावर १९५४-५५च्या सुमारास तो ती जागा शेजाऱ्याला देऊन निघून गेला आणि १९६५ साली वारला. पालिकेने मनोरे पाडायचे ठरवले होते. १९५९ साली दहा हजार पौंडांचा ताण देऊन त्यांची परीक्षा घेतली गेली, तेव्हा मनोरे उभे राहिले, यंत्रानेच हात टेकले.

हे मनोरे निव्वळ एका विक्षिप्त माणसाची लहर आहेत काय? अभ्यासकांना त्यांच्या आकारात नोला या गावच्या 'जिल्ली'ची छाया दिसली. नोलाही कांपानियातलेच. तेथे दर जूनमध्ये संत पाउलिनुसच्या उत्सवात लाकडी सांगाड्याचे, कागदाच्या लगद्याने सजवलेले आठ मनोरे निघतात, प्रत्येकी सुमारे २५ मीटर उंच, सोबत एक नाव. बेकरीवाले, खाटीक, लोहार, चांभार, शिंपी अशा एकेका व्यवसायाच्या नावाचा एकेक मनोरा, आणि तो खांद्यावर वाहून नेणारी माणसांची पलटण. चैत्रातल्या एकादशीला पंचवटीत रामरथ आणि गरुडरथ निघतात, तेव्हा दोराला लागलेली तालमींची पोरे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही.

आमच्या दृष्टीने कळीचा भेद पुढे आहे. नोलाचे मनोरे उत्सव सरला की उतरवतात आणि पुढच्या वर्षी नव्याने रचतात. त्यांना टिकण्याची गरजच नसते, कारण उचलणारे खांदे टिकून असतात. रोडियाकडे मनोरा होता, पण खांदे नव्हते. म्हणून त्याला सिमेंट घ्यावे लागले. तो त्या साऱ्याला स्पॅनिशमध्ये 'न्युएस्त्रो पुएब्लो' म्हणे, म्हणजे 'आमचे गाव'. एकट्या माणसाने वापरलेले ते 'आमचे' वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. चंडीगढच्या नेकचंदांची गोष्टही याच जातीची आहे. फाळणीत गाव पलीकडे राहिले. रस्तेखात्यातला हा निरीक्षक फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि टाकाऊ फरश्यांतून चोरून एक राज्य वसवत राहिला. ते १९७५च्या सुमारास सरकारच्या ध्यानात आले आणि १९७६ साली लोकांना खुले झाले. ज्याचे गाव सुटले, त्याने ते पक्के करून ठेवले.

विद्यार्थिनीचे उत्तर येथे आहे. किल्ला जपायचा नसतो, तो पुन्हा करायचा असतो. गोणपाट, विटांचे तुकडे, कालवलेली माती, पेरलेले अळीव. नाशकातली मुले डोळ्यांसमोरच्या रामशेजवरून बुरूज घेत. गुहेत वाघ, पायथ्याशी गवळण आणि तिच्या शेजारी बिनदिक्कत प्लास्टिकची मोटार. इटलीत नाताळला येशूजन्माचा देखावा मांडतात, त्याला 'प्रेझेपे' म्हणतात. त्याची सुरुवात संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी केली, असे मानतात. नेपल्सच्या प्रेझेपेतही डोंगर असतो, खरे शेवाळ असते, आणि बाळ येशूच्या अवतीभवती पिझ्झावाला नि फुटबॉलपटूही उभे असतात. काळाची ही सरमिसळ अज्ञानातून येत नाही. 'हे आमच्या अंगणात घडते आहे' असे म्हणण्याची ती रीत आहे.

आणि अंगण? आता कबुली द्यायला हवी. सहा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत आवारभर पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला. चिखल होतो, गाड्या लावता येत नाहीत, ही कारणे खोटी नव्हती. आम्ही दोघांनीही हात वर केला. त्या वर्षापर्यंत कुंपणाच्या भिंतीलगत पोरांचा किल्ला होत असे. त्या दिवाळीत ती पोरे थोडा वेळ जिन्यात बसली आणि आपापल्या घरी गेली. आठवडाभरात आम्ही तो तयार किल्ला घेऊन आलो. लोककलेच्या ऱ्हासावर आम्ही चर्चासत्रांत निबंध वाचले आहेत. त्या निबंधांत जागतिकीकरण होते, दूरदर्शन होते, बाजार होता. आमचा वर गेलेला हात कोठेही नव्हता.

रोडियाचे सिमेंट ही त्याची अगतिकता होती. आमच्याकडे गाव होते, पोरे होती, माती होती. आमचे सिमेंट ही निव्वळ सोय.

येत्या सभेसाठी आम्ही अर्ज दिला आहे: भिंतीलगतच्या ब्लॉकच्या चार ओळी उचलून तेथे माती टाकावी, खर्च आम्ही देऊ. सचिवांनी अर्ज वाचून विचारले, "बाग करायची आहे का? कारण लिहिलेले नाही." आम्ही अर्ज परत मागून घेतला आणि खाली लिहिले: किल्ल्यासाठी.