चोवीस मिनिटे

मुलांनो, आमच्या देवळाली कॅम्पात पहाट होते ती बुटांच्या आवाजाने. तोफखान्याचे शिक्षण देणारी लष्कराची मोठी संस्था, 'स्कूल ऑफ आर्टिलरी', आमच्या गावात आहे. त्यामुळे उजाडण्यापूर्वीच जवानांच्या तुकड्या रांगेने धावत निघतात. एका तालात पडणारी ती पावले मी लहानपणापासून अंथरुणात पडून ऐकत आले. आपणही कधी त्याच रस्त्यावर धावू, असे मला स्वप्नातसुद्धा वाटले नव्हते.

मी शाळेत गणित शिकवते. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी माझे रक्त तपासले आणि म्हणाले, "साखर उंबरठ्यावर उभी आहे. आत येऊ द्यायची नसेल, तर रोज चाला." मी चालू लागले. सलवार-कमीज आणि साधे कॅनव्हासचे बूट घालून रेस्ट कॅम्प रोडवर पहाटे फेरी मारायची. पहिल्या दिवशी वाटले, सारे गाव आपल्याकडेच पाहते आहे. आठ दिवसांनी कळले, कोणीही पाहत नाही. ज्याला त्याला आपल्या दुधाची आणि डब्याची घाई आहे. मग एके दिवशी गंमत म्हणून एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावले. दुसऱ्या दिवशी दोन खांब. असे करता करता सहा महिन्यांत मी सलग पाच किलोमीटर धावू लागले.

त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकमध्ये अर्धमॅरेथॉन होती. तुम्हांला ठाऊक असेल, मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हे अंतर प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते कायमचे ठरले. अर्धमॅरेथॉन म्हणजे त्याचे निम्मे, २१ किलोमीटर आणि ९७.५ मीटर. मैत्रिणींच्या आग्रहाने मी नाव दिले.

शर्यत सुरू झाली. थंडी होती, ढोल वाजत होते, सगळे जोरात पळत होते. मीही पळाले. पहिले पाच किलोमीटर ३३ मिनिटांत झाले. मी मनात म्हटले, "अरे, हे तर सोपे आहे!" तेराव्या किलोमीटरला पाय शिशासारखे जड झाले. पुढचे अंतर मी थोडे धावत, बरेच चालत, कसेबसे पार केले. एक आजोबा माझ्या शेजारून हळूहळू धावत पुढे निघून गेले. मी पोहोचले, तेव्हा घड्याळात २ तास ५८ मिनिटे झाली होती. मांडव उतरवायला सुरुवात झाली होती.

घरी येताच मी वही काढली. गणिताचीच बाई मी! १७८ मिनिटे भागिले २१.०९७५. एका किलोमीटरला सुमारे ८ मिनिटे २६ सेकंद. पुढच्या वर्षी अडीच तासांत पोहोचायचे, तर किलोमीटरला सुमारे ७ मिनिटे ७ सेकंद हवेत. भागाकार बरोबर होता. माझी चूक पुढे झाली. मला वाटले, वेगाने धावायचे असेल, तर रोज वेगाने धावले पाहिजे. दुसऱ्याच दिवसापासून मी रोज घड्याळ लावून, दात-ओठ खात धावू लागले. काल ३४ मिनिटे लागली, तर आज ३३ लागलीच पाहिजेत. तीन आठवड्यांत माझी नडगी दुखू लागली. तरी मी धावत राहिले. मग जिना उतरणेही कठीण झाले. डॉक्टर म्हणाले, "चार आठवडे धावणे बंद."

ते चार आठवडे मी फार चिडचिड केली. वाट पाहणे मला जमतच नाही. आमच्या गावाला या गोष्टीचा जुना अनुभव आहे, बरे का! इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक देवळालीत आणून ठेवत. जहाजे थंडीच्या दिवसांत सुटत. ज्याचे जहाज चुकले, त्याला महिनोन्महिने येथे बसून राहावे लागे. काम नाही, घरही नाही. कित्येकांचे डोके फिरे. अशा माणसाला इतर सैनिक 'डूलॅली टॅप' झाला, असे म्हणत. 'डूलॅली' म्हणजे आपली देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप! तुमच्या उर्दूतील 'तपेदिक' या शब्दातला 'तप' त्याच घराण्यातला आहे. 'डूलॅली' हा शब्द इंग्रजीत अजून वेडसर या अर्थाने वापरतात. त्या दिवसांत मलाही हाच देवळालीचा ताप चढला होता.

एका सकाळी मी संसरी नाक्याकडे लंगडत चालले होते. आमच्या शेजारच्या गल्लीत राहणारे निवृत्त हवालदारकाका समोरून आले. त्यांची नात आमच्या शाळेत होती. माझी हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "बाई, तुम्ही मुलांची वार्षिक परीक्षा रोज घेता का?"

"रोज कशी घेणार? आधी शिकवायला नको का?" मी म्हणाले.

"मग पायांची परीक्षा रोज कशाला घेता? त्यांना आधी शिकवा. फौजेत आम्ही पोरांना पहिल्या दिवशी पळवून दमवत नव्हतो. दमवलेलं पोर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दिसतं. सावकाश पळा. पळता पळता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे, असं समजा."

मला ते पटले नाही. हळू धावून माणूस वेगवान कसा होईल? पण काकांच्या सांगण्यामागचे कारण मी पुढे वाचले. आपण सावकाश, पण बराच वेळ धावतो, तेव्हा हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलायला शिकते. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. स्नायूंच्या पेशींत शक्ती तयार करणारे सूक्ष्म कणही वाढतात. ही सारी कामे संथ धावण्यातही चांगली होतात. शिवाय दम लवकर वाढतो. पण हाडे आणि स्नायूबंध सावकाश बळकट होतात. छाती म्हणते, 'पळ'. नडगी म्हणते, 'थांब'. मी छातीचे ऐकले होते, नडगीचे ऐकले नव्हते.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. सावरपाडा नावाच्या लहानशा आदिवासी पाड्यावरची ही मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन ती धावली. लोकांना पदके दिसतात. पण लहानपणी पाण्यासाठी आणि शाळेसाठी डोंगरवाटा तुडवताना तिचे पाय कित्येक वर्षे तयार होत होते, ते कोणी घड्याळ लावून मोजले नव्हते. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद! तेही लहानपणी घरापासून लांबच्या शाळेत पायीच जात. पाया आधी, कळस नंतर.

मार्चमध्ये मी पुन्हा सुरुवात केली. काकांनी वेळापत्रक करून दिले. सोमवारी आणि शुक्रवारी विश्रांती. मंगळवारी आणि शनिवारी चार-पाच किलोमीटर सावकाश धावणे. बुधवारी घरीच उठाबशा, टाचा उचलणे आणि पोटाचे व्यायाम. रविवारी लांब पल्ला. पहिल्या रविवारी सहा किलोमीटर, मग हळूहळू वाढवत जायचे. तीन आठवडे वाढवले, की चौथ्या आठवड्यात कमी करायचे. गुरुवारी पहिले दोन महिने फक्त चालणे. नंतर ४०० मीटर वेगाने धावायचे, २०० मीटर चालायचे, असे सहा वेळा. आठवड्यात वेगाचा दिवस एवढाच.

सर्वांत कठीण काय होते, सांगू? सावकाश धावणे! लॅम रोडवर शाळेतील मुले सायकलवरून हसत पुढे जात. एकदा एक आजी भाजीची पिशवी घेऊन माझ्याबरोबरीने चालू लागल्या. मला लाज वाटे. पण मी मोठ्याने पाढे म्हणत धावत असे. सतराचा पाढा अडखळला, की वेग कमी करायचा. पावसाळा आला. खंडोबाची टेकडी हिरवी झाली. मी भिजत धावले. ऑक्टोबरात रविवारचा पल्ला १६ किलोमीटर झाला, नोव्हेंबरात १८. नडगी एकदाही दुखली नाही. आणि गंमत म्हणजे, ज्या वेगाने मार्चमध्ये मला धाप लागत असे, त्याच वेगाने आता मी सतराचा पाढा न अडखळता म्हणत होते.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला थोडे जड जाते. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. भागाकाराला तो फार वेळ लावी. मी त्याला सर्वांसमोर अनेकदा म्हटले होते, "किती वेळ लावतोस रे! सगळ्यांची झाली की!" काही दिवसांनी त्याने उदाहरणे सोडवणेच बंद केले. वही कोरी. मी ते आळसाच्या खात्यावर मांडून मोकळी झाले होते. जुलैतल्या एका रविवारी सगळे माझ्या पुढे निघून गेले. मी एकटी मागे धावत होते, आणि तो मुलगा एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला. माझ्या नडगीला चार आठवडे विश्रांती मिळाली होती. त्याला मी एक दिवसही दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावले. म्हणाले, "मी तुला घाई केली, ती माझी चूक झाली. रोज पाचच भागाकार कर. घड्याळ पाहायचे नाही." त्याने मान खाली घातली. चार दिवस वही कोरीच आली. पाचव्या दिवशी तीन भागाकार होते. एक चुकला होता.

डिसेंबर आला. पुन्हा तीच शर्यत, तेच ढोल. सगळे पुढे धावले. मी माझा वेग सोडला नाही. पहिले पाच किलोमीटर साडेसदतीस मिनिटांत झाले. तेरावा किलोमीटर आला आणि गेला. पाय माझेच होते. पंधराव्या किलोमीटरला घड्याळात १ तास ५१ मिनिटे होती. मी धावता धावता हिशेब केला. अडीच तासांत पोहोचायचे, तर उरलेले सहा किलोमीटर, दर किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे २४ सेकंद या वेगाने धावावे लागतील. तेवढा वेग मी एका किलोमीटरपेक्षा जास्त कधी टिकवला नव्हता. मागच्या वर्षीची मी असते, तर तशीच सुटले असते. क्षणभर पाय तसे उचललेही. मग मी सतराचा पाढा म्हणून पाहिला. सतरा चोक अडुसष्टलाच दम तुटला. मी वेग किंचित कमी केला आणि जेवढे झेपेल तेवढेच धावत राहिले. शेवटच्या टप्प्यात मी बरीच माणसे मागे टाकली. ती वर्षापूर्वीच्या माझ्यासारखी चालत होती. एकीला म्हटले, "चला ताई, थोडेच राहिले." वेळ झाली २ तास ३४ मिनिटे.

अडीच तास झाले नाहीत. मला थोडे वाईट वाटले, हे खोटे कशाला बोलू? पण सोमवारी मी जिना धडधाकट उतरले आणि मंगळवारी पुन्हा रस्त्यावर होते.

शाळेत मुलांनी विचारले, "बाई, कितवा नंबर आला?" नंबर खूप मागचा होता. मी म्हणाले, "नंबर राहू द्या. मागच्या वर्षी २ तास ५८ मिनिटे लागली, यंदा २ तास ३४. सांगा, किती कमी झाली?" पुढच्या बाकांवरचे हात झटकन वर गेले. मी कोणालाच विचारले नाही. थांबले. मागच्या बाकावर तो मुलगा वहीत काहीतरी लिहीत होता. वर्ग चुळबुळू लागला. तरीही मी थांबले.

शेवटी त्याने मान वर केली. "चोवीस मिनिटं, बाई." मग पुन्हा वहीत पाहून म्हणाला, "अडीच तासांना अजून चार राहिली."

"हो," मी म्हणाले, "ती पुढच्या वर्षी."