पाचशे जामीनदार

आमच्या मेहुण्याने पापडाच्या वेबसाइटसाठी ‘आपोआप लिंका जोडून देणारी’ सेवा महिनाभर अजमावली आणि तपासणीला मला बसवले. बी.कॉम. जावयाला सासुरवाडी जपते ती याचसाठी! लिंक म्हणजे दुसऱ्या साइटने दिलेली जामिनाची सही. १९९८ साली पेज आणि ब्रिन यांनी गूगल काढले ते याच हिशेबावर : सह्या किती, आणि सही करणाऱ्याची स्वतःची पत किती.

यादी उघडली. ५०० जामीनदार! निम्मे जुगारअड्डे, उरलेले टकलावरच्या तेलाचे. असल्यांच्या सहीवर आमच्या साहेबांनी सायकललाही कर्ज दिले नसते. गूगलनेही २०१२ च्या एप्रिलात ‘पेंग्विन’ नावाचा तपासनीस बसवून अशा सह्या गोळा करणाऱ्यांना खाली ढकलले. आमचे पापड होते तिथेच, सातव्या पानावर.

“पण भावजी, पाचशे जण!” मेहुणा म्हणाला.

“त्यातल्या एकाने तरी पापड मागवला का रे?” सौ.ने विचारले.