डोमेन कुणाच्या नावावर

12 जून 2025
सकाळी वेबसाईटवाल्याचा व्हॉट्सॲप. "सर, डोमेन आणि होस्टिंग रिन्यू करायचंय. यंदा 6,500. ऑगस्टच्या आत करा." गेल्या वर्षी निम्मे होते. फोन लावला, उचलला नाही. पाऊस यंदा मेमध्येच आला, कातळशिल्पं बघायला कातळावर जाणं थांबलंय. हे काम आताच हातात घ्यावं.

13 जून
डोमेनचे नियम करणाऱ्या आयकॅनच्या पानावर आमचं डोमेन, म्हणजे आमच्या साईटचा पत्ता, घालून पाहिलं. भाच्याने फोनवरून सांगितलं तसं. पूर्वी याला हूइज म्हणत. यंदाच्या जानेवारीपासून डोमेनच्या कंपन्यांवर हूइज चालू ठेवायची सक्ती नाही, आता आरडॅप.
माहिती बरीचशी झाकलेली असते. युरोपचा खासगी माहितीचा कायदा 2018 च्या मेमध्ये लागू झाला, तेव्हापासून. पण संस्थेच्या रकान्यात नाव होतं. वेबसाईटवाल्याच्या दुकानाचं. मुदत 19 ऑगस्ट 2025.
म्हणजे जमीन मी कसतो, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं.

13 जून, रात्री
झोप नाही. या पत्त्यावर कोकणातल्या उक्षीची कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती आहे, देवाच्या गोठण्याची छायाचित्रं आहेत. काही सड्यांवर पुढे चिरेखाणी आल्या. तिथलं चित्र आता फक्त फोटोत. हा पत्ता सहलींच्या पत्रकांवर छापलाय, शाळेच्या मुलांनी प्रकल्पांच्या वह्यांत लिहिलाय. तो बदलून चालणार नाही.

15 जून
रविवार. भाचा सविस्तर बोलला. लिहून ठेवतो.
सगळ्यात वर आयकॅन. कॅलिफोर्नियातली संस्था, 1998 ची. तिच्याखाली रजिस्ट्री. डॉट कॉमची व्हेरिसाइन, डॉट इनची आपली निक्सी. रजिस्ट्री फक्त वही सांभाळते. त्या वहीत आपली नोंद करतो तो रजिस्ट्रार. त्याच्याही खाली रिसेलर, म्हणजे आपला वेबसाईटवाला.
आयकॅनचे नियम रजिस्ट्रारला बांधतात. रिसेलरशी आपला करार फक्त तोंडी, आणि चहाच्या कपावर.
"मामा, आधी रजिस्ट्रार निवड. मग वेबसाईटवाल्याच्या मागे लाग."

18 जून
दुकानापाशी गेलो. शटर बंद. "गाळा भाड्याने देणे आहे." शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, पुण्याला गेला, महिन्यातून एकदा येतो.

19 जून
मुदत संपली तर काय, ते वाचलं. लगेच जात नाही. रजिस्ट्रार 45 दिवसांपर्यंत थांबू शकतो, पण थांबलाच पाहिजे असं नाही. मग सोडवून घेण्याचे 30 दिवस, तेव्हा दंड मोठा. मग 5 दिवस, ज्यात कुणालाच काही करता येत नाही. मग नाव बाजारात. अशा सुटलेल्या नावांवर टपून बसलेल्या कंपन्याच आहेत.
मोठ्यांचंही होतं हे. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायचं राहिलं, लोकांना हॉटमेल उघडेना. मायकल चेनी नावाच्या एका लिनक्सवाल्याने आपल्या कार्डावरून 35 डॉलर भरले.
आमच्यासाठी कोण भरणार?

22 जून
हिने विचारलं, एवढं काय वाचताय. सांगितलं. म्हणाली, "अहो, मग नवीन नाव घ्या की." तिला सहलींची जुनी पत्रकं काढून दाखवली. पत्ता प्रत्येकावर. मग तीही गप्प झाली.

23 जून
विश्वासू रजिस्ट्रार म्हणजे कोण, याचा विचार करतोय. मोठं नाव? गुगलने 2023 च्या जूनमध्ये स्वतःचा डोमेनचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकला. सुमारे एक कोटी नावं. लोकांनी गुगल बघून नाव ठेवलं होतं, एका बातमीने मालक बदलला.
जुनं आणि सज्जन? पॅरिसची गांडी. वर्षानुवर्षं जाणकार तिचंच नाव घेत. तीही 2023 मध्ये दुसऱ्या समूहात गेली. दर चढले, डोमेनबरोबर फुकट मिळणारी मेलपेटी बंद झाली.
आपली माणसं? मुंबईच्या डायरेक्टीने बिगरॉक आणि रिसेलरक्लब उभे केले. 2014 मध्ये ते अमेरिकन कंपनीकडे गेले. पुढे त्या कंपनीचंही दुसरीशी एकत्रीकरण झालं, नाव बदललं.
म्हणजे आजचा मालक पाहून भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मालक बदलल्यावर आपल्याला निघता येतं का, तेवढंच पाहायचं.

24 जून
वेबसाईटवाल्याने आज फोन उचलला. "बघतो सर." बास.

26 जून
रजिस्टरफ्लाय. 2007 चं प्रकरण. अमेरिकन रजिस्ट्रार, आतून भांडणं, लोकांचे पैसे घेतले पण नूतनीकरण झालं नाही, नावं अडकली. आयकॅनने मान्यता काढून घेतली आणि नावं गोडॅडीकडे सोपवली. त्यानंतरच नियम अमलात आला: प्रत्येक रजिस्ट्रारने ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिऱ्हाइताकडे ठेवायची.
त्या प्रतीत माझं नाव नाही, दुकानाचं आहे. उद्या काही झालं तर वाचेल ते दुकान.

28 जून
गॅरी क्रेमेनचा खटला वाचला. त्याने 1994 मध्ये घेतलेलं एक फार किमती नाव दुसऱ्या वर्षी एका भामट्याने पळवलं. कसं? रजिस्ट्रारला खोटं पत्र पाठवून. नेटवर्क सोल्यूशन्सने पत्र खरं धरलं, क्रेमेनला एक फोनही केला नाही. 2003 मध्ये अपिली न्यायालयाने म्हटलं, डोमेन ही मालमत्ता आहे, ती अशी दुसऱ्याला देता येत नाही.
यावरून माझ्या यादीत: खात्याला दुहेरी कुलूप हवं, पासवर्ड आणि कोड दोन्ही. आणि नाव हलवण्याआधी मालकाला विचारणारा रजिस्ट्रार हवा.

1 जुलै
आजपासून आयकॅनचं दर नावामागचं शुल्क 18 सेंटवरून 20 सेंट. व्हेरिसाइनचा डॉट कॉमचा घाऊक दर गेल्या सप्टेंबरपासून 10.26 डॉलर. दोन्ही मिळून आपल्या पैशांत साडेआठशेच्या वर. म्हणजे कोणताही रजिस्ट्रार घेतला तरी त्याला एवढे भरावेच लागतात.
पेपरात जाहिरात: डॉट कॉम पहिलं वर्ष 199 रुपये. तोटा पदरचा कोण सोसणार? दुसऱ्या वर्षी वसूल होणार. यापुढे पहिल्या वर्षाचा दर बघायचाच नाही. रिन्यूचा बघायचा, तोही पैसे भरायच्या पानावर, कर धरून.

2 जुलै
जो रजिस्ट्रार रिन्यूचा दर शोधायला लावतो, तो यादीतून बाद.

5 जुलै
दिवसभर कोसळतोय. वीज गेलेली. काही कंपन्यांच्या मदतकक्षांना एकच प्रश्न पाठवला होता: मला पुढच्या वर्षी तुमच्याकडून दुसरीकडे जायचं झालं तर ट्रान्सफरचा कोड कुठे मिळेल?
उत्तरं आली. एकाने आधी कारण विचारलं. एकाने "आमच्या प्रतिनिधीशी बोला" म्हणून नंबर दिला, तो लागत नाही. एकाने होस्टिंगची योजनाच पाठवली. एकाने दोन ओळींत सांगितलं: खात्यात जा, नावावर टिचकी मारा, लॉक काढा, कोड तिथेच आहे.
नियम असा की खात्यात सोय नसेल तर मागितल्यापासून 5 दिवसांत कोड द्यावा लागतो. नियम पाळणं वेगळं, कुलपाची किल्ली आधीच हातात देणं वेगळं. मला किल्ली देणारा रजिस्ट्रार हवा.

6 जुलै
आषाढी. हिचा उपास, माझाही. भाचा म्हणतो देवनागरीतलं डॉट भारतही घेऊन ठेव, 2014 पासून मिळतं, मराठीला चालतं. मनात आहे. पण व्हॉट्सॲपवर चिकटवलं की कित्येकदा रोमन अक्षरांची भेंडोळी दिसते. आधी आहे ते सोडवू.

8 जुलै
क्लाउडफ्लेअर जवळजवळ ठरलं होतं. घाऊक दरातच देतात, वर काही घेत नाहीत. पण अट आहे: नेमसर्व्हर, म्हणजे पत्त्यावरून साईट शोधून देणारे संगणक, त्यांचेच वापरायचे. कंपनी चांगली आहे, तरी मला नोंदणी एकीकडे आणि बाकीचं दुसरीकडे हवं. एका हातात सगळं दिल्यानेच आज इथे बसलोय.

9 जुलै
पैसे भरायची अडचण. परदेशी रजिस्ट्रार म्हणजे कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्यायला हवा. आणि दरवर्षी आपोआप कापून घेण्याचं 2021 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत आलंय, परदेशी कंपन्यांचं तिथे पुष्कळदा अडतं. ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून निर्धास्त राहिलो आणि बँकेने नाकारलं, तर नाव जाईल. उपाय: चार-पाच वर्षांचे एकदम भरायचे. डॉट कॉम जास्तीत जास्त 10 वर्षांपर्यंत घेता येतं.

11 जुलै
ठरलं. पोर्कबन, ओरेगनमधल्या पोर्टलंडची. आयकॅनची मान्यता आहे. रिन्यूचा दर उघड लिहिलेला, घाऊकापेक्षा थोडासाच वर. पत्ता-फोन झाकण्याचे वेगळे पैसे नाहीत. दुहेरी कुलूप आहे. कोड खात्यातच. नाव विचित्र वाटतं, हिला सांगितल्यावर हसली. माझं मत मात्र पक्कं आहे.

12 जुलै
आता कोड हवा. वेबसाईटवाला पुण्यात.

14 जुलै
क्रम नीट लिहून ठेवतो. भाच्याने बजावलंय. आधी ट्रान्सफर, मग मालकाचं नाव बदलणं. उलट केलं तर नाव बदलल्यावर बहुतेक ठिकाणी 60 दिवसांचं कुलूप लागतं. मुदत त्याच्या आत संपते, पुन्हा त्याच दारात.
ट्रान्सफरबरोबर एक वर्ष आपोआप वाढतं, उरलेले दिवसही जात नाहीत. भरलेला पैसा वाया नाही.

17 जुलै
भाच्याने साईटची सगळी प्रत उतरवून दुसऱ्या होस्टिंगवर उभी केली. डीएनएसच्या नोंदी, म्हणजे साईट आणि मेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या, कागदावर लिहिल्या, एकेक ताडून पाहिली. मेलची नोंद विसरतात लोक, मग साईट दिसते आणि पत्रं बंद होतात.

19 जुलै
मुदतीला महिना. नियमाने आज-उद्या रजिस्ट्रारकडून आठवणीचं पत्र जायला हवं. एक महिनाभर आधी, एक आठवडाभर आधी, एक संपल्यावर. जाईलही. वेबसाईटवाल्याच्या पत्त्यावर.

20 जुलै
वेबसाईटवाला आला. झेरॉक्सवाल्याने फोन करून कळवलं. भर पावसात गेलो. माणूस वाईट नाही, धंदा बसला त्याचा. म्हणाला, "सर, मी सगळ्यांचीच माझ्या नावावर घेतो, कस्टमरला काय कळतं त्यातलं." मी म्हटलं, मला आता कळतंय. मागचे राहिलेले पैसे मोजून दिले. त्याने समोर लॅपटॉप उघडला, लॉक काढलं. कोड मेलवर येईल म्हणाला.

21 जुलै
कोड नाही.

22 जुलै
कोड नाही. तीनदा मेल उघडून पाहिली.

23 जुलै
आला. संध्याकाळी. अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळं मिसळलेलं. लगेच नव्या खात्यात घातला, पैसे भरले. खात्याला जीमेलचा पत्ता दिलाय. आमच्याच डोमेनवरचा दिला आणि डोमेनच बंद पडलं, तर पासवर्ड बदलायचा मेल कुठे येणार?

24 जुलै
"प्रलंबित." जुन्या रजिस्ट्रारला 5 दिवस असतात. त्याने हरकत घेतली नाही तर आपोआप होतं.

26 जुलै
साईट चालू आहे. कशेळीचा हत्ती उघडून पाहिला. आहे.

28 जुलै
झालं. रात्री मेल आला. मुदत 19 ऑगस्ट 2026. मालक म्हणून माझं नाव, माझा पत्ता. लॉक लगेच लावलं.

29 जुलै
नागपंचमी. पडताळणीच्या मेलवर आधी टिचकी मारली. 15 दिवसांत ती केली नाही तर साईट बंद करतात. पुष्कळ जण तो मेल फसवा समजून काढून टाकतात.
मग चार वर्षांचे भरले. मुदत 19 ऑगस्ट 2030.

30 जुलै
हिला खातं दाखवलं. पासवर्ड, दुहेरी कुलपाचे राखीव कोड, मुदतीची तारीख, सगळं एका कागदावर, घराच्या कागदपत्रांच्या फायलीत. मी नसलो तर भाच्याला बोलवायचं, हेही लिहिलं.

2 ऑगस्ट
शाळेतल्या एका सहकाऱ्याला सांगितलं. शाळेची साईटही त्याच दुकानातून झालेली. तिथेच फोनवर डोमेन घालून पाहिलं. संस्थेच्या रकान्यात तेच नाव. मुदत 3 डिसेंबर. वेबसाईटवाल्याचा पुण्यातला नंबर दिला. सोमवारी मुख्याध्यापकांकडे दोघे जाणार आहोत.