निराधारचा पगार आणि स्लॅबचा हिशोब

दरवर्षी हयातीचे दाखले द्यायचे दिवस आले की आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात टेबल टाकून बसतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज, आधार कार्डाच्या झेरॉक्स, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक असा सगळा पसारा असतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचे सिद्ध करण्यासाठी ज्या बाईच्या घरावर धड पत्रा नाही, तिला तीन तीन खेटे घालावे लागतात. आमच्याकडे या अनुदानाला कुणी अनुदान म्हणत नाही. 'निराधारचा पगार' म्हणतात. महिन्याला पंधराशे रुपये येतात, कधी दोन महिन्यांनी एकदम येतात, पण येतात.

यंदा एका मावशीचा कागद भरताना तिने सहज विचारले, "बाळा, हा पगार सुरू कोणी केला रं?"

आम्ही सांगितले, १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. आपला जालना जिल्हाही त्यांच्याच काळात, १ मे १९८१ ला, औरंगाबादपासून वेगळा झाला.

"मग चांगला माणूस असंल."

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. नुसते 'हो' म्हणून गप्प बसायची सवय राहिलेली नाही. म्हणून पुढचेही सांगितले. त्या काळात सिमेंटवर सरकारचे नियंत्रण होते, मनाला येईल तेवढे सिमेंट बाजारात मिळत नव्हते. मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधींच्या नावाने प्रतिष्ठान काढले होते. बिल्डरांनी प्रतिष्ठानाला देणगी द्यायची आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळायचा, असा आरोप झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये हे प्रकरण छापले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निकाल दिला आणि अंतुलेंना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

मावशीने अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि म्हणाली, "मग दिला का त्यानं सिमिटाचा हिशोब?" आणि जरा थांबून, "आपल्या स्लॅबचा तरी कुठं कुणी दिला म्हणा!"

त्या दिवशी पुढचे चार अर्ज आम्ही चुकीचे भरले.

स्लॅबची गोष्ट पुढे येईलच. आधी मावशीच्या पहिल्या प्रश्नाचे काय झाले ते पाहू, कारण या राज्यात नेत्याच्या भूतकाळाविषयीच्या प्रश्नाचे काय होते, हे त्यातून स्वच्छ दिसते.

अंतुलेंवर फौजदारी खटला चालवायचा तर कुणाची मंजुरी लागते, यावर वाद झाला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मंजुरीची गरज नाही असे ठरवले आणि खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की तसा पाठवणेच चूक होते. या दोन्ही निकालांचा कायद्याच्या वर्गात आजही अभ्यास होतो. पण सिमेंट कुणाला, किती आणि कशाच्या बदल्यात गेले, हा साधा प्रश्न कोणत्या कोर्टात चालवायचा यातच वर्षे गेली. अंतुलेंना शिक्षा झाली नाही. कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा लोकसभेवर पाठवले. २००६ मध्ये ते केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. २०१४ मध्ये ते गेले.

आता कुणी म्हणेल, कोर्टाने शिक्षा केली नाही, लोकांनी निवडून दिले, मग प्रश्न उरतोच कुठे? हीच ती तीन ठरलेली उत्तरे. कोर्टाने काही केले नाही. जनतेने कौल दिला. आणि तिसरे उत्तर म्हणजे हे सगळे आकसापोटी आहे. पक्ष कोणताही असो, रंग कोणताही असो, नेत्याच्या खिशात ही तीन उत्तरे तयार असतात.

कोर्ट पाहते ते गुन्हा सिद्ध झाला की नाही एवढेच. पुरावा कमी पडला तर आरोपीला सोडलेच पाहिजे, यावर आमचे दुमत नाही. आरोप झाला म्हणजे माणूस दोषी ठरला, असे मानणाऱ्या गर्दीचे बळी सर्वात जास्त आपलेच लोक झाले आहेत. पण लोकांचा प्रश्न शिक्षेचा नसतो, विश्वासाचा असतो. तुमच्या हातात आमची वस्तू होती, तुम्ही तिचे काय केले, एवढेच त्यांना कळायला हवे असते. त्यासाठी वकील लागत नाही. नेत्याने समोर येऊन सांगितले तरी पुरते.

मतपेटीचेही तसेच. माणूस मत देतो तेव्हा रस्ता, पाणी, जात, धर्म, उमेदवाराचा शेजार, विरोधकाची भीती, सगळ्याचा विचार एका बटणात दाबतो. त्या बटणातून सिमेंटचा हिशोब कसा निघणार? म्हणूनच २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. त्यामुळे आज प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागते. आम्ही गेल्या निवडणुकीत अशी प्रतिज्ञापत्रे वस्तीत मोठ्याने वाचली. लोक मालमत्तेच्या आकड्यांना हसले, खटल्यांच्या यादीला गप्प बसले, आणि शेवटी एकाने विचारले, "पण यातला आपला कोण?"

इथेच तिसरे उत्तर येते आणि ते सगळ्यात अवघड आहे. अंतुले हे महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्यांचेच मन स्वच्छ होते, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना खुर्चीवर आपल्यासारखा माणूस बघवत नाही, त्यांना आपल्या माणसाचा हिशोब फार लवकर आठवतो. हा अनुभव आपल्या समाजालाही नवा नाही. पण आकस हे प्रश्न विचारणाऱ्याचे पाप आहे. त्याने प्रश्न मरत नाही. मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. आदर्श सोसायटीच्या प्रकरणात २०१० मध्ये अशोक चव्हाणांना सोडावे लागले. राजकारण मात्र दोघांचेही संपले नाही. निवडून विचारणाऱ्यांवर उपाय एकच आहे, आपण सगळ्यांना विचारायचे. आणि सगळ्यांत आपलेही येतात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेला इशारा आपण दरवर्षी संविधान दिनाला ऐकवतो. धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच भाषणातला कृतज्ञतेविषयीचा भाग मात्र आपण घाईने उरकतो. ज्यांनी देशासाठी आयुष्य वेचले त्यांच्याविषयी कृतज्ञ राहण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा असते, स्वाभिमान गहाण टाकून कृतज्ञ राहता येत नाही, असे बाबासाहेब तिथे सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडले तेव्हा का सोडले ते सविस्तर निवेदन करून देशाला सांगितले. हिशोब मागायची वाट पाहिली नाही.

आणि भगवान बुद्ध तर त्याही पुढे गेले. वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला पवारणा असते. प्रत्येक भिक्खू संघासमोर हात जोडतो आणि विनंती करतो की माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला नुसता संशय असेल, तरी करुणा करून मला सांगा. नुसता संशय असला तरी! तथागतांनी स्वतःलाही यातून वगळले नाही. जगात आपल्या दोषाविषयी विचारा म्हणून अनुयायांना विनवणारी अशी परंपरा आपल्या घरात आहे, आणि आपण मात्र नेत्याला प्रश्न विचारणाऱ्याला 'चळवळीचा शत्रू' म्हणतो.

आता स्लॅब.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या स्लॅबसाठी वर्गणी गोळा झाली. मजुरी करणाऱ्यांनी एका आठवड्याची हजेरी दिली. या मावशीने दोन महिन्यांचा पगार दिला. पैसे आमच्या भागातल्या एका नेत्याकडे होते. नाव लिहीत नाही, कारण ते अजून उत्तर देऊ शकतात आणि त्यांनी ते द्यावे अशी आमची इच्छा आहे. अर्धा स्लॅब पडला, पुढचे काम थांबले. सळया अजून उघड्या आहेत, पावसाने तांबरल्या आहेत.

भीमजयंतीच्या तयारीच्या बैठकीत ही मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, स्लॅबचे पैसे किती जमले अन् किती लागले, तेवढं सांगा."

भाऊंनी उत्तर दिले नाही. उत्तर दिले आम्ही. आम्ही म्हणालो, "मावशी, आज जयंतीचा विषय आहे. हे इथं नको. बाहेरचे हसतील."

मावशी बसली. त्यानंतर ती बैठकीला आली नाही.

आम्ही असे का केले? भाऊंनी आमच्या हातात पैसे ठेवले नव्हते. बारावीनंतर समाजकल्याणच्या वसतिगृहात आमचा नंबर लागत नव्हता, तेव्हा भाऊ स्वतः मोटरसायकलवर घेऊन गेले होते, दोन दिवस अधिकाऱ्याच्या दारात बसले होते. ते वसतिगृह नसते तर एम.ए. नसते, आजचे हे लिहिणेही नसते. हे ऋण खरे आहे. पण त्या बैठकीत आम्ही आमचे ऋण मावशीच्या पैशाने फेडले. आमच्या वसतिगृहाची किंमत तिच्या प्रश्नाने चुकवली. समाजशास्त्राच्या पुस्तकात आश्रयदाता आणि आश्रित असा धडा असतो. आम्ही त्यावर उत्तरपत्रिकेत चांगले गुण मिळवले होते.

निराधारच्या टेबलावरून उठल्यावर आम्ही आधी मावशीच्या घरी गेलो आणि चुकलो म्हणालो. तिने चहा टाकला. म्हणाली, "मला म्हणून काय उपेग? भाऊला इचार." तिने दोन महिन्यांचा पगार परत मागितला नाही. किती जमले, किती लागले, एवढेच पुन्हा म्हणाली.

आम्ही पत्र लिहिले. एकूण वर्गणी किती, खर्च किती, शिल्लक कुठे, पावत्या कुणाकडे, हे चारच प्रश्न. खाली सात सह्या आणि एक अंगठा. पहिली सही आमची. पत्र घेऊन आम्हीच गेलो. भाऊंनी वाचले, घडी घातली आणि आमच्याकडे बघून एवढेच विचारले, "तुला हॉस्टेल कोणी मिळवून दिलं होतं?"

आम्ही म्हणालो, "तुम्हीच दिलं, भाऊ. जन्मभर विसरणार नाही. आता स्लॅबचं सांगा."

अजून उत्तर आलेले नाही. येत्या आश्विन पौर्णिमेला वर्षावासाचा समारोप आहे. तो त्याच उघड्या सळयांखाली होईल, आणि पत्र तिथे सगळ्यांसमोर पुन्हा वाचले जाईल. भाऊंना आमंत्रण दिले आहे. मावशीही येणार आहे.

जयभीम.