लेबलवर फक्त 'आंबा घाट'

परवा हिवाळ्यातल्या ट्रेकचे फोटो चाळत बसलो होतो. त्यात कड्याच्या कपारीतलं एक झुडूप दिसलं. घंटेसारखी खाली लटकलेली पिवळी फुलं, तांबूस शिरांची. झाडांमधल्या जाणकार मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "अरे, ही सोनघंटा! लोकेशन कुठे टाकू नकोस हां."

'नकोस' म्हटलं की आपलं शोधाशोध करणं आलंच :)

सोनघंटा म्हणजे अब्युटिलॉन रानडेई. जास्वंदीच्या कुळातली, सह्याद्रीत मोजक्याच ठिकाणी उरलेली. नावातले रानडे म्हणजे एन. बी. रानडे, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचं हर्बेरियम सांभाळणारे. त्यांनी आंबा घाटात गोळा केलेल्या नमुन्यावरून वुड्रो आणि स्टाप्फ यांनी १८९४ साली या जातीचं वर्णन छापलं.

हर्बेरियम शीट म्हणजे जाड कागदावर चिकटवलेली, दाबून वाळवलेली फांदी आणि कोपऱ्यात लेबल: कोणी, कधी, कुठे. लेबल नसेल तर उरतो तो नुसता पाचोळा. मी दिवसभर डेटाबेसशी झगडणारा माणूस, त्यामुळे पहिला विचार आला, 'आंबा घाट? एवढ्या मोठ्या घाटात नेमकं कुठे?'

मग लक्षात आलं, माझ्या फोटोत ते 'नेमकं' आहे. अगदी काही मीटरपर्यंत. आणि आम्हाला तिथे दिसली होती जेमतेम चार झुडपं. एखादा उत्साही ग्रुप किंवा रोपं उपटून नेणारा एखादा पोचला, की संपलं. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात धूसर करून दाखवतं, ते उगाच नाही.

पण मग नोंदच करायची नाही का? रानड्यांनी जागा लिहून ठेवली नसती, तर पुढच्यांनी शोधायचं कुठून? शिवाय उद्या त्या डोंगरातून रस्ता काढायचा ठरला, तर कागदावर झाड नाही म्हणजे डोंगरावरही नाही, असं धरायला कोण कचरतंय..

म्हणजे नोंद अचूकच हवी, फक्त सगळ्यांना दिसायला नको. आमच्या भाषेत ॲक्सेस कंट्रोल. तारीख, जागा, झुडपांची संख्या असं सगळं मित्रामार्फत एका अभ्यासकाकडे पोचवलं. ट्रेकच्या ग्रुपवर फोटो टाकला तो लोकेशन काढून.

दोन मिनिटांत प्रश्न आला: "भारी! कुठला किल्ला रे?"

मी लिहिलं, "सह्याद्री."