दंड नाही, तरी पुस्तक परत!

वाचनालयाचे पुस्तक उशिरा परत केले तर दंड भरावा लागतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात सार्वजनिक वाचनालयांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये हा दंड कायमचा बंद केला. बाईंनी परिपाठाच्या वेळी ही माहिती सांगितली तेव्हा वर्गात एकच गलका झाला. ‘मग पुस्तकं परत कोण देईल?’ मलाही तोच प्रश्न पडला.

बाईंनी पुढे सांगितले. पंधरा डॉलर दंड थकला की तिथे वाचकाचे कार्ड बंद व्हायचे. अशी सुमारे चार लाख कार्डे बंद पडली होती. त्यांतली निम्म्याहून जास्त गरीब वस्त्यांतल्या लोकांची होती. म्हणजे ज्यांना पुस्तक विकत घेणे परवडत नाही, त्यांनाच वाचनालयाचे दार बंद! पैसेवाला दंड भरतो आणि दुसरे पुस्तक घेऊन जातो. गरीब माणूस लाजेने तिकडे फिरकतच नाही.

हे ऐकून मला माझी एक मैत्रीण आठवली. तिचे आईवडील ऊसतोडणीला जातात. एका वर्षी दिवाळीनंतर बोचक्यात कपड्यांबरोबर वाचनालयाचे गोष्टींचे पुस्तकही गेले. पाच महिने ते कोपीवरच होते. तिने ते नीट जपले, धाकट्या भावाला रोज वाचून दाखवले. गावी आल्यावर तिने हिशेब केला. रोजचा एक रुपया, म्हणजे दीडशे रुपये दंड. आणि पुस्तकाची किंमत साठ रुपये! तिची आई म्हणाली, ‘राहू दे बाई, आपल्याला नाही जमायचं.’ तेव्हापासून ते पुस्तक तिच्या घरी फळीवर पडून आहे, आणि ती वाचनालयात येत नाही.

मी हे आजोबांना सांगितले. आजोबा म्हणाले, ‘अगं, धाक नसला तर कोण ऐकतं?’ मग मी त्यांना शिकागोचे सांगितले. त्या शहरात १ ऑक्टोबर २०१९ पासून दंड बंद झाला, आणि त्यानंतर परत येणारी पुस्तके कमी न होता उलट वाढली. न्यूयॉर्कमध्येही लोकांनी वर्षानुवर्षे घरात राहिलेली पुस्तके आणून दिली. काहींनी तर सोबत माफीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. दंडाच्या भीतीने अडलेली पुस्तके दंड गेल्यावर आली.

पण पुस्तक हरवले तरी चालते, असा याचा अर्थ नाही हं! तिथे महिनाभर पुस्तक आले नाही तर ते हरवले असे समजून किंमत मागतात. पुस्तक आणून दिले की ती मागणी रद्द होते.

आपल्या देशातले थोर ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिला नियम. फळीवर पडलेले पुस्तक कुणाच्या उपयोगाचे?

शेवटी मी आजोबांना विचारले, ‘वाचनालयाला दीडशे रुपये हवेत की पुस्तक?’ आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पुस्तकच. आणि पोरगीपण.’

पालकांनो, वाचनालयाच्या सभेत तुम्ही हा विषय काढाल का? ऊसतोडणीला जाणाऱ्या मुलांना तरी दंड माफ व्हावा, असे मला वाटते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी